बोक्याला नाव ठेवताना

२ डिसेंबर १९३१

पोचले एकदाची! बंदरापासून लोकरीच्या ट्रकमध्ये सात तास, तेही रिकाम्या पोत्यांवर बसून. केसांत, कानांत, दातांत नुसती धूळ. पण ट्रक थांबला आणि समोर एलिसेओ उभा. माझा धाकटा भाऊ, तीन वर्षांनी दिसला. दाढी वाढवलीय गाढवाने. मला उचलून गरागरा फिरवलं आणि सगळ्यांसमोर ओरडला, "मिंदा, जाड झालीस गं!" मी म्हटलं, "आणि तू वाळून काडी झालास, म्हणून तर आलेय."

इथली आधीची स्वयंपाकीण गेल्या महिन्यात छातीत कफ साठून वारली. लोकर कातरणीच्या ऐन हंगामात बावीस माणसांना जेवू घालायला कुणी नाही. एलिसेओने मालकांपाशी माझं नाव काढलं. चिलोए बेटावरून इतक्या लांब, या मेंढ्यांच्या मळ्यावर यायला मी का तयार झाले ते आईला अजून कळत नाही. बेटावर पाऊस, बटाटे आणि दुसऱ्यांची मुलं सांभाळणं, एवढंच होतं. इथे निदान माझी स्वतःची चूल आहे.

आणि चूल तरी काय! लोखंडी, सहा तोंडांची, वर पाणी तापवायची टाकी. छताला आकडे, त्यांना सोललेल्या मेंढ्या टांगलेल्या. सकाळी मेंढी, दुपारी मेंढी, संध्याकाळी मेंढी. मी आल्या आल्या चरबीत तळून गोल गोल तोर्ता केल्या, म्हणजे आमच्याकडच्या पिठाच्या जाड पुऱ्या, तर ही दांडगी माणसं मुलांसारखी रांग लावून उभी राहिली. त्यांचा म्होरक्या आहे तोरिबिओ, तिरळा आणि तोंडाळ. म्हणाला, "चिलोएची बाई आली! आता रोज बटाट्यात बटाटा घालून बटाटा मिळेल." मी त्याला एक तोर्ता कमी दिली.

चुलीशेजारी लाकडांची पेटी आहे. तिच्यावर एक बोका पसरला होता. बोका कसला, सहा महिन्यांचं कोकरूच! पाठ काळी कुळकुळीत, छाती आणि पोट पांढरंशुभ्र, चारही पायांत पांढरे मोजे, आणि वरच्या ओठावर दोन काळे ठिपके, मिशीसारखे. मी नाव विचारलं. कुणालाच माहीत नाही. एवढं देखणं जनावर आणि बिननावाचं!

संध्याकाळी पेर्पेतुआबाई येऊन गेल्या. या मालकांच्या थोरल्या बहीण, साठीच्या, बिनलग्नाच्या, काळ्या कपड्यांतल्या. मालक लिसांद्रो ओचोआ वरच्या घरात राहतात, पण किल्ल्या बाईंच्या कमरेला. बाईंनी पीठ, मीठ, साखर सगळं दाखवलं आणि शेवटी सांगितलं की रोज दुपारी तीन वाजता बोक्याला मेंढीचा कच्चा खांदा द्यायचा, आणि देताना तोंडातून शब्द काढायचा नाही. मला हसू आलं. मी विचारलं, मांजर आहे की पाद्री? त्या हसल्या नाहीत.

५ डिसेंबर

दिवस केवढा मोठा इथे! रात्री दहालाही उजेड. वारा मात्र थांबत नाही. कपडे वाळत घातले की आडवे उडतात.

आज जेवणावर सगळ्यांनी मिळून बोक्याचं बारसं करायला घेतलं. मीच म्हटलं, बिननावाच्या प्राण्याला जेवायला घालायला मला आवडत नाही. मग काय! एकाने 'बिशप' सुचवलं, पांढऱ्या छातीमुळे. एकाने 'जोगीण'. आन्सेल्मो म्हणून एक मवाळ माणूस आहे, कोपऱ्यात बसून जेवतो, त्याने हळूच 'पेंग्विन' म्हटलं आणि लाजला. तोरिबिओने जे सुचवलं ते मी वहीत लिहू शकत नाही. मी एकेक नाव घेऊन हाक मारत होते. बोका डोळे मिटून पडलेला. कान हलेना, शेपटी हलेना. एलिसेओ म्हणाला, "बहिरा असेल." मी झाकण आपटलं, तर ताबडतोब वळून बघितलं.

पेर्पेतुआबाई दारात कधी येऊन उभ्या राहिल्या कळलंच नाही. त्या मला एकटीलाच म्हणाल्या, "बोक्याला बोका म्हणायचं. पुन्हा सांगणार नाही." ओठ पांढरे पडले होते त्यांचे. एवढं काय झालं?

आन्सेल्मोला लिहिता येत नाही. बायकोला पत्र लिहून द्याल का, म्हणून टोपी हातात धरून विचारायला आला. दोन मुली आहेत त्याला. याच वहीच्या मागच्या पानावर कच्चं लिहून घेतलंय. निम्मं झालं, उरलेलं रविवारी.

९ डिसेंबर

मुकादम बाल्बिनो हा माणूस नव्हे. आज एलिसेओच्या हातून कातरताना एका मेंढीचं कातडं फाटलं, तर त्याने घोड्याच्या रिकिबीच्या पट्ट्याने त्याच्या कानावर मारलं. पट्ट्याच्या टोकाला लोखंड आहे. कान चिरला. मी उकळलेल्या पाण्याने धुऊन दोरा घातला, तोवर एलिसेओ दात आवळून हसत होता. लहानपणीही असाच. रडायचं सोडून हसायचा.

दुपारी सगळे फुरंगटून जेवायला बसले. तोरिबिओने बोक्याकडे बघून म्हटलं, "ए, बघा रे! पोट सुटलंय, मिशी आहे, दिवसभर आडवा पडतो आणि दुसरे राबतात ते बघतो. हा तर आपला मुकादम!" हास्याचा स्फोट झाला. नेमके तीन वाजले होते, माझ्या हातात बोक्याचा खांदा. मी तो खाली ठेवला आणि मुकादमाच्याच ढंगात छाती काढून हाक मारली, "बाल्बिनो!"

बोका उठला. मांस तसंच सोडून माझ्याकडे आला, घोट्याला अंग घासलं, वर बघून एकदाच ओरडला. जाडसर आवाज. मग दारातून बाहेर गेला.

माणसांनी टेबल बडवून बडवून घर डोक्यावर घेतलं. मला म्हणे मेडल द्यायला हवं. चला, आमच्या बोक्याला अखेर नाव मिळालं.

११ डिसेंबर

दार लावून लिहितेय.

दुपारी चारच्या सुमाराला, भर उन्हात, मुकादम सापडला. मेंढ्यांना औषधाच्या पाण्यात बुडवायचा जो चर आहे, त्याच्या कडेला. मी बादली घेऊन तिकडूनच चालले होते. आधी बूट दिसले. गळा नव्हता. म्हणजे गळ्याच्या जागी सगळं उघडं होतं, आणि तोंडाची एक बाजू हाडापर्यंत सोललेली, जशी मी मेंढीची सोलते तशी, नीट. हाताची बोटं तुटलेली. झगडला असणार. चरातलं पाणी तांबडं झालं होतं आणि पंधरा पावलांवर माणसं लोकर कातरत होती. कुणी ओरडलेलं ऐकलं नाही.

मालक म्हणाले, डोंगरातला सिंह, पूमा. घोडे घेऊन माग काढायला गेले.

मी स्वयंपाकघरात परत आले तर बोका पेटीवर बसून छाती चाटत होता. पांढरी छाती. पांढरी नव्हती. सावकाश, एकेक केस साफ करत होता. मी "बाल्बिनो" म्हटलं. त्याने मान वर केली नाही.

१२ डिसेंबर

पेर्पेतुआबाईंनी आज दार लावून घेतलं आणि मला समोर बसवलं.

त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. हा बोका त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून या घरात आहे. ज्याच्या हातचं मांस खातो, त्याने उच्चारलेलं नाव तो घेतो. पण फक्त माणसाचं, आणि ओळखीतल्याच माणसाचं. नाव घेतलं की तो माणूस दोन दिवस जगत नाही. मग नाव गळून पडतं आणि बोका पुन्हा बिननावाचा होतो. वडिलांनी त्याच्या जोरावरच ही जमीन मिळवली. म्हातारपणी पस्तावले, दोनदा गोळ्या घातल्या. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी तो पेटीवर होता. उपाशी ठेवला तर स्वतःच फिरायला लागतो, आणि मग कुणाचंही लेकरू उचलतो. म्हणून खाऊ घालावंच लागतं.

"सोळा वर्षं मी मुकी स्वयंपाकीण ठेवली," बाई म्हणाल्या. "जन्माची मुकी. सोळा वर्षं या घरात कुणी मेलं नाही. ती गेली, आणि मी शोधायच्या आत माझ्या भावाने तुला आणलं."

मी विचारलं, मालकांना माहीत आहे का? त्या म्हणाल्या, आजवर त्याला ती बापाची बडबड वाटत होती.

तेवढ्यात दार उघडलं. मालक आत आले, खुर्ची ओढून बसले, माझ्या थाळीतली तोर्ता उचलून खाल्ली. अगदी गोड आवाजात विचारलं, "त्या दिवशी तू बोक्याला काय म्हणालीस गं?"

मी एलिसेओला सांगितलं, इथून जाऊ या. तो म्हणाला, ट्रक अठ्ठावीस तारखेशिवाय येत नाही, आणि पायी चार दिवसांची वाट, वाटेत कुठे पाणी नाही.

१५ डिसेंबर

तीन दिवस लोकर कातरणी बंद. माणसांचं म्हणणं साधं आहे. झोपायच्या शेडला छप्पर हवं, औषधाची पेटी हवी, रविवारची सुट्टी हवी, आणि मारहाण नको. तोरिबिओ पुढारी, पण मालकांसमोर जाऊन सगळं शांतपणे बोलला तो आन्सेल्मो. सगळे चकित झाले.

आज दोन वाजता मालकांनी माझ्या हातात कागद दिला. त्यावर एकच शब्द. आन्सेल्मो.

मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली, जणू तेच अपेक्षित होतं. स्वतः का घालत नाही खायला, मी विचारलं. ते म्हणाले, "माझे बाबा स्वतःच्या हाताने घालत. शेवटी झोपेत किंचाळत असत. मला झोप लागते. ती मला मोडायची नाही."

मग खिडकीतून बघायला सांगितलं. कातडी वाळवायच्या खांबाला एलिसेओ बांधलेला. उघडी पाठ. मालकांचे दोन बंदूकवाले, रेमिहिओ आणि किन्तीन. किन्तीनच्या हातात गुरं हाकायचा चाबूक. पहिल्या फटक्याला एलिसेओ हसला. चौथ्यापर्यंत हसत होता. पाचव्याला कातडी उडाली, मला दिसली उडताना. नवव्याला त्याने मला हाक मारली. "मिंदा" नाही. "आई" म्हणाला.

तीन वाजले होते. मी खांदा खाली ठेवला.

मी नाव घेतलं.

१६ डिसेंबर

आन्सेल्मो.

सकाळी माझ्या हातचं सूप पिऊन गेला. वाडगा स्वतः विसळून ठेवला. सकाळी अकरा वाजता कातरणीच्या शेडमध्ये, लोकरीच्या ढिगाऱ्यावर. ढिगारा खालपर्यंत भिजला होता. पोट उघडलेलं. माणसांनी त्याला लोकरीतच गुंडाळून उचललं, कारण दुसऱ्या कशात उचलता येईना.

मागच्या पानावर पत्र तसंच आहे. "प्रिय बायको, मी इथे खुशाल आहे, नवीन बाई चांगलं जेवण करते—" इथपर्यंत.

मारलं मी. बोक्याने नाही, मालकांनी नाही. जीभ माझी.

१७ डिसेंबर

मालक आज कागद न आणता आले. म्हणाले, "तोरिबिओ." आणि म्हणाले, एलिसेओचा उजवा हात आत्ता कातरणीच्या यंत्राखाली धरून ठेवलाय, खिडकीतून खूण केली की झालं. मग माझ्या मागे येऊन उभे राहिले, मी नीट उच्चारते की नाही ते ऐकायला. त्यांचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. कांदा खाल्ला होता.

मी खांदा ठेवला. बोका आला. मी म्हटलं, "लिसांद्रो."

मालक हसले. खरंच हसले, मी थट्टा केली असं वाटून. बोका माझ्याकडे आला, पोटरीला अंग घासलं, ओरडला. तेव्हा हसू थांबलं.

माणूस समोरच असला की दोन दिवस लागत नाहीत.

मी बघितलं. डोळे मिटायचे होते, मिटले नाहीत. बोक्याने छातीवर झेप घेतली आणि मालक टेबलावर उताणे पडले. त्यांनी चुलीतला गज उपसला, लाल झालेला, आणि बोक्याच्या पाठीत खुपसला. केस जळाल्याचा वास आला. बोक्याने तिकडे लक्षच दिलं नाही. तो तोंडापासून सुरू झाला. मालकांनी माझ्या झग्याचं टोक धरलं होतं. त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली, "एर्मिंदा, एर्मिंदा," आणि मग ओठ नव्हते. माझ्या पायांत सगळं गरम गरम आलं. आकड्यांवरच्या मेंढ्या हलत होत्या, इतकं टेबल हादरत होतं.

संपल्यावर तो पेटीवर चढून बसला. पाठीवर जळल्याची खूण नाही.

पेर्पेतुआबाई दारात उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत. भावाच्या अंगावर टेबलाचं फडकं टाकलं. मला म्हणाल्या, "पोरी, आता तोंड शिवून घे. मी दुसरी मुकी बाई शोधीन. तोवर शब्दसुद्धा नाही. कुणासाठीच नाही. स्वतःच्या माणसासाठी तर मुळीच नाही."

१८ डिसेंबर

एलिसेओ सुटला. हात शाबूत आहे.

माणसांनी दोन मेंढ्या अख्ख्या भाजल्या. मला खांद्यावर घेऊन अंगणात नाचले. रेमिहिओ आणि किन्तीन वरच्या घरात बंदुका घेऊन कोंडून बसलेत. तोरिबिओ तोंडावरची चरबी पुसत म्हणाला, "बाई, अजून दोनच नावं, मग आपण मोकळे." मी नाही म्हटलं. पेर्पेतुआबाईंना वचन दिलंय.

मग एलिसेओ आला. मी त्याच्या पाठीला मलम लावत होते. पाठ कसली, लगदा. तो लाकडांकडे बघत म्हणाला, "मिंदा, किन्तीन मारताना मोजत होता. मोठ्याने. आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून."

तो रडला. हा मुलगा कधी रडत नाही.

तीन वाजता मी किन्तीनचं नाव घेतलं. यावेळी कुणी मला भाग पाडलं नव्हतं.

२० डिसेंबर

काल किन्तीन. आज रेमिहिओ, त्याचंही नाव मीच घेतलं. वरच्या घराच्या पायऱ्यांवरून रक्त खाली आलं. माणसांनी शिट्ट्या मारल्या.

मला मळमळत नाही आता. याचीच भीती वाटते.

तोरिबिओ म्हणतो, आता म्हातारी. ती बंदरावर जाऊन पोलिसांना सांगेल. "बाई, एकच नाव, शप्पथ!" मी म्हटलं, तिने मला पहिल्या दिवशी वाचवायचा प्रयत्न केला. ती कुणाला काही सांगणार नाही. तोरिबिओने थुंकून विचारलं, "मग आमच्या बाजूची आहेस की त्यांच्या?" बाकीचे त्याच्या मागे उभे होते. ज्यांना मी जेवायला वाढते ते. एलिसेओही त्यांच्यात.

मी नाव घेतलं नाही.

२१ डिसेंबर

पेर्पेतुआबाई गेल्या.

मी नाही. देवाशपथ मी नाही. मी कालपासून बोक्याला मांसच घातलेलं नाही.

प्रार्थनेच्या खोलीत, गुडघ्यांवर बसल्या जागी. किल्ल्यांचा जुडगा कमरेसकट एका बाजूला.

माणसांच्या शेडमागे मला कच्च्या खांद्याचं चघळलेलं हाड मिळालं.

म्हणजे त्यांना कळलंय. जो घालेल त्याचं तो ऐकतो.

२३ डिसेंबर

आकड्यांवरच्या मेंढ्यांचे खांदे नाहीसे होतायत. सकाळी चार होते. आता एक.

जेवणावर कुणी बोलत नाही. एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, ओठ हलतात का ते. कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. "ए", "तू", "इकडे". मीठ हवं असलं तर बोट दाखवतात.

काल पाच जण पायीच निघून गेले. आज त्यांतल्या दोघांना गिधाडं फिरताना दिसली तिथून आणलं. गिधाडांनी केलेलं नव्हतं ते.

तोरिबिओने बोक्याला कुऱ्हाडीने तोडलं. माझ्यासमोर, उंबऱ्यावर. दोन तुकडे. आम्ही सगळे हसलो, टाळ्या वाजवल्या, दोघे तर गळ्यात पडले.

तासाभराने पेटीवर होता.

२४ डिसेंबर

तोरिबिओ. विहिरीपाशी. डोकं वेगळं, बादलीत. बादली मीच वर ओढली.

नाताळची पूर्वसंध्या आज. बेटावर आई बटाट्याची भाकरी करत असेल.

एलिसेओच्या बाहीवर रक्त होतं. ताजं. मेंढीचं, तो म्हणाला. मी म्हटलं, आज मेंढी कुणी कापली नाही, खांदा मात्र गेलाय. त्याने बाही दुमडली. मग म्हणाला, "तो माझं नाव घेणार होता, मिंदा. त्याच्या मनात होतं. मला दिसत होतं."

"दिसत होतं" —

मी त्याला थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. चिरलेल्या कानावर बसली. तो हसला.

२५ डिसेंबर

आठ जण उरलोत. बाकीचे कुणी बोक्याने नेले, कुणी पळाले. ट्रक यायला तीन दिवस.

मी सगळ्यांना अंगणात बोलावून सांगितलं. तीन दिवस कुणी कुणाचं नाव घेऊ नका. मी बोक्याला एकटी खाऊ घालीन, तोंडाला फडकं बांधून, तुमच्यासमोर. मग ट्रकमध्ये बसून सगळे जाऊ. एका म्हाताऱ्याने विचारलं, "आणि तुझ्यावर कोण भरवसा ठेवणार? सुरुवात कुणी केली?"

बरोबर आहे त्याचं. मी मान खाली घातली.

ते एलिसेओला बाजूला घेऊन गेले. बराच वेळ बोलत होते. तो माझ्याकडे पाठ करून उभा. सदऱ्यातून पाठीचं रक्त झिरपत होतं. मलम लावायचं राहिलंय.

जेवायला आला नाही.

२६ डिसेंबर

एक वाजलाय. लख्ख ऊन. वारा.

सकाळी एलिसेओ दारात आला होता. आत आला नाही. मी त्याच्यासाठी तोर्ता ठेवल्या होत्या, घेतल्या नाहीत. जमिनीकडे बघत म्हणाला की ते म्हणतात, तुम्ही भावंडं एकत्र असलात तर आमची धडगत नाही, दोघांपैकी एकच. तू नाहीतर मी. आणि कुणाचं नाव घ्यायचं ते त्यानेच ठरवायचं. दोन वाजेपर्यंत. नाहीतर ते त्याचं घेतील.

मी म्हटलं, मग पळ. त्याने पायाकडे बोट दाखवलं. पायात बूट नव्हते. काढून घेतलेत.

तो गेला.

•

दोनला दहा.

बोका उठला. पेटीवरून उतरला. दारातून बाहेर गेला. त्याला मांसाचा वास आलाय.

खिडकीतून दिसतंय. एलिसेओ अंगणाच्या मधोमध. अनवाणी. हातात खांदा. बाकीचे कुंपणापाशी.

माझ्यापाशीही एक आहे. शेवटचा. कालच्या मेंढीचा, आकड्यावरचा. मी काढून टेबलावर ठेवलाय. का काढला ते मला माहीत आहे, लपवत नाही. बोक्याने माझ्या हातचं सगळ्यांत जास्त खाल्लंय. मी खिडकीतून टाकला आणि नाव घेतलं तर तो आधी माझं ऐकेल.

एकच शब्द. मी त्याला चालायला शिकवलं तेव्हापासूनचा.

त्याने खांदा खाली ठेवला.

बोका खात नाही. त्याच्या तोंडाकडे बघत बसलाय.

एलिसेओ रडतोय. तोंड उघडतो, मिटतो. कुंपणापाशी कुणीतरी ओरडलं, "घे ना रे!"

माझा हात मांसावर. खिडकी उघडी आहे. त्याचं नाव अगदी दातांपाशी —

नाही.

मी मांस चुलीत टाकलं. करपतंय. आता माझ्या हातात काही नाही.

ओठ दातांत धरलेत. घट्ट. रक्ताची चव. पण हुंदका आला तरी नाव निसटायला नको, म्हणून फडक्याचा बोळा कोंबला तोंडात. आता लिहिण्याशिवाय

तो बोलला. वाऱ्यात ऐकू आलं नाही. ओठ हलले. "मिंदा" नव्हे, मोठं नाव होतं. तीन तुकड्यांचं.

बोका त्याच्या पायांना अंग घासतोय.

एलिसेओ, तुझी पाठ. मलम फळीवर आहे, डाव्या हाताला, निळी डबी, दिवसातून दोनदा लाव, आणि आईला सांग मी

बोका वळला. खिडकीकडे बघतोय. दार मी लावलेलं ना